होळीच्या चार गैरहजेऱ्या: समाजकार्याच्या वर्गातलं एक प्रकरण

हे प्रकरण वडोदऱ्यातलं आहे आणि त्यातली मुख्य चूक माझी आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाला मी शिकवते आणि फील्डवर्कचं, म्हणजे क्षेत्रकार्याचं, मार्गदर्शन करते. एका राठवा आदिवासी विद्यार्थिनीला मी दुसऱ्या सत्राच्या फील्डवर्कमध्ये ५० पैकी १८ गुण दिले. उत्तीर्ण व्हायला २० लागतात. ते १८ कसे आले आणि त्यांचं पुढे काय झालं, ते इथे लिहिते आहे. विद्यार्थिनीचं, तिच्या जोडीदार मुलीचं किंवा आमच्या संस्थेचं नाव देत नाही. वडोदऱ्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची समाजकार्याची जुनी शाखा आहे. हे प्रकरण तिथलं नव्हे. मसुदा त्या विद्यार्थिनीने वाचला आहे. दोन ठिकाणी तिने मला दुरुस्त केलं, त्या दुरुस्त्या तशाच ठेवल्या आहेत.

ती इथवर कशी आली

ती छोटा उदेपूर जिल्ह्यातली. २०१३ पर्यंत तो भाग वडोदरा जिल्ह्यातच होता. प्रतापनगर स्टेशनावरून तिकडे गाडी जाते, पण शहरातल्या आमच्या दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या किती घरांनी ती गाडी कधी पकडली असेल, सांगता येत नाही. राठवा म्हटलं की शहराला पिठोरा आठवतो. नवस फेडायला घरातल्या भिंतीवर घोडे काढतात, लखारा चित्र काढतो आणि बडवो विधी सांभाळतो, एवढं आम्ही शिक्षकही सांगू शकतो. त्याच राठवांच्या महसुली कागदांत अनेक कुटुंबांच्या नावापुढे ‘कोळी’ असं दुसऱ्याच जातीचं नाव लिहिलेलं आहे, आणि त्यामुळे जमातीच्या दाखल्याची पडताळणी वर्षानुवर्षं अडकते, हे मला तिच्या प्रवेशाच्या वेळी पहिल्यांदा कळलं. तिचा प्रवेश पहिले चार महिने ‘तात्पुरता’ राहिला. तोवर शिष्यवृत्ती नाही आणि वसतिगृहाच्या यादीत नावही नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही सुरुवातीला कमाटी बागेतल्या संकल्पभूमीवर, म्हणजे बाबासाहेबांच्या आठवणीत जपलेल्या वडाच्या जागी, नेतो. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९१७ मध्ये ते बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावून लावलं आणि थोड्याच दिवसांत त्यांनी बडोदं सोडलं. शिकायला पैसे देणारं दार इथे होतं, पण रात्री पाठ टेकायला कोणी दार उघडलं नाही. मी दरवर्षी त्या वडाखाली उभी राहून हे सांगते. त्या वर्षी ऐकणाऱ्यांत तीही होती. त्या आठवड्यात तिला स्वतःला खोली नव्हती. तीन घरमालकांनी आडनाव ऐकून ‘नंतर कळवतो’ म्हटलं होतं आणि ती एका गाववाल्याच्या बायकोसोबत वाघोडिया रोडजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपत होती. हे मला आठ महिन्यांनी कळलं. तिने सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

माझ्याबद्दलही लिहायला हवं. मी इथल्या मराठी घरातली. पणजोबा गायकवाडांच्या चाकरीत इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती. लहानपणी सुट्टीत पुण्याला गेले की मी ‘हिंचका’ म्हणायचे आणि मावशी सगळ्यांसमोर ‘झोपाळा म्हण’ म्हणून दुरुस्त करायची. बोललेलं सगळ्यांना समजलेलं असताना शब्दावर बोट ठेवलं की कसं वाटतं, ते मला माहीत होतं. लाल पेन हातात आलं तेव्हा मात्र ते आठवलं नाही.

जागा

आमच्याकडे फील्डवर्क आठवड्यातून दोन दिवस असतं, बुधवार आणि शुक्रवार. दोन विद्यार्थ्यांची जोडी एका ठिकाणी जाते. सोमवारी लेखी नोंद द्यायची, आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाशी वैयक्तिक चर्चा आणि पंधरवड्यातून एकदा गटचर्चा. दुसऱ्या सत्रात, जानेवारीपासून, तिला आणि तिच्या जोडीदार मुलीला भायलीच्या बाजूला एका मोठ्या बांधकामाच्या साइटवर पाठवलं. तिथे एक स्वयंसेवी संस्था मजुरांच्या मुलांसाठी बालवाडी चालवत होती. जोडीदार मुलगी शहरातली, मराठी घरातली, इंग्रजी माध्यमातली, अतिशय कष्टाळू. साइटवरचे मजूर निम्मे छोटा उदेपूरचे, निम्मे मध्य प्रदेशातल्या अलीराजपूरचे.

ही जागा मी विचार करून निवडली होती. हिला भाषा येते, मजूर हिच्याच भागातले, म्हणजे काम सोपं जाईल. वर्गातही कोणीतरी तेच म्हणालं, ‘तुला काय, तुझेच लोक आहेत.’ त्यावर ती काही बोलली नाही. आपल्याच माणसांसमोर ओळखपत्र गळ्यात घालून वही-पेन घेऊन उभं राहणं तिला सोपं जाणार होतं की अवघड, हा प्रश्न मी तिला विचारला नव्हता. माझ्या मते या प्रकरणातली पहिली चूक तिथेच झाली, गुण देण्याच्या कितीतरी आधी.

नोंदी

आमच्या नोंदीचा साचा ठरलेला होता: उद्दिष्ट, प्रक्रिया, निरीक्षण, शिकलेलं, पुढचं नियोजन. भाषेबद्दल लेखी नियम काहीच नव्हता, पण सगळे इंग्रजीत लिहीत. ती गुजरातीत लिही, मधे राठवी शब्द येत.

तिच्या पहिल्या नोंदीत लिहिलं होतं की बायका काम थांबवून बोलू शकत नाहीत, मुकादम ओरडतो, म्हणून ती त्यांच्याबरोबर चार वाजेपर्यंत वाळू चाळत बसली. मी शेजारी लिहिलं, ‘आपली भूमिका काय होती?’ दुसऱ्या नोंदीची दोन पानं कोण कुठल्या गावचं, कुठल्या फळियातलं, म्हणजे गावातल्या कुठल्या वस्तीतलं, कोण कोणाच्या मेव्हण्याचा भाऊ, यातच गेली होती. मी लिहिलं, ‘हा तपशील अनावश्यक. निरीक्षण कुठे आहे?’ तिसऱ्या-चौथ्या नोंदीत ‘खर्ची’ आणि ‘उपाड’ हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. त्यांना मी गोल केलं आणि लिहिलं, ‘तांत्रिक संज्ञा वापरा.’

आणि फेब्रुवारीत एक मोठा शेरा दिला: ‘भावनिक सहभागावर नियंत्रण नाही.’ हा शब्दप्रयोग माझा नाही. फेलिक्स बीस्टेक या अमेरिकन जेझुइट अध्यापकाने १९५७ मध्ये व्यक्तिसहाय्य कार्याची, म्हणजे एकेका माणसाला त्याच्या अडचणीत मदत करण्याच्या कामाची, सात तत्त्वं मांडली. व्यक्तीचं वेगळेपण ओळखणं, स्वीकार, दोष न ठेवणं, गोपनीयता, स्वयंनिर्णय, आणि त्यांतच एक नियंत्रित भावनिक सहभाग. भारतातल्या समाजकार्याच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात ही तत्त्वं शिकवतात. आपल्याकडे हे शिक्षण १९३६ मध्ये मुंबईला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कपासून सुरू झालं. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्टही अमेरिकन होते आणि सुरुवातीचे साचे तिकडूनच आले. या तत्त्वांबद्दल माझी तक्रार नाही, ती चांगली आहेत. पण ती मांडताना समाजकार्यकर्ता टेबलाच्या एका बाजूला आणि अडचणीतला माणूस दुसऱ्या बाजूला असं चित्र डोळ्यांपुढे असतं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूच्या घरातून आलेली मुलगी या बाजूला बसली तर तिने काय करायचं, हे आम्ही कधी शिकवलंच नव्हतं.

त्याच महिन्यात आमच्या संस्थेत विविधतेचा दिवस साजरा झाला. दारात पिठोऱ्याच्या घोड्यांचं मोठं पोस्टर लावलं होतं आणि तिला पारंपरिक पोशाखात नाचायला सांगितलं होतं. ती नाचली, टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. तिची लाल शेऱ्यांनी भरलेली नोंद त्याच दिवशी दुपारी मी तिच्या हातात दिली होती. तारीख नंतर वहीत पाहिली तेव्हा माझ्या लक्षात आलं.

खर्ची, उपाड आणि होळी

हे दोन शब्द समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. उपाड म्हणजे आपली उचल. पेरणीच्या वेळी किंवा लग्नासाठी मुकादम पैसे देतो आणि त्या बदल्यात कुटुंब हंगामभर त्याच्याबरोबर कामावर येतं. खर्ची म्हणजे साइटवर दर आठवड्याला पीठ-मीठ घेण्यापुरते मिळणारे पैसे. खर्ची म्हणजे मजुरी नव्हे. मजुरीचा हिशेब होतो घरी परतताना, दिवाळीला किंवा होळीला, उपाड आणि खर्ची वजा करून. हजेरी लिहितात जोडीची, नवरा-बायकोची एकत्र, आणि पैसे नवऱ्याच्या हातात जातात. बाईने अर्धा दिवस मुलाच्या तापामुळे बुडवला तर जोडीचा अर्धा दिवस जातो. तिने संध्याकाळी जास्तीचं काम केलं तर ते कुठेच लागत नाही.

समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ चा. बांधकाम मजुरांचा कायदा १९९६ चा. कल्याण मंडळात नोंदणी व्हायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. बाईच्या नावाची वेगळी हजेरीच नसेल, तर तिने ९० दिवस काम केल्याचं सिद्ध कशावरून करायचं? हा प्रश्न तिच्या चौथ्या नोंदीत होता. गुजरातीत, साध्या एका वाक्यात. ज्या वाक्यातल्या ‘खर्ची’ शब्दाला मी गोल केला होता, त्याच्या खालचं वाक्य.

आणि मी अनावश्यक म्हटलेली फळियांची दोन पानं? त्यांत स्पष्ट होतं की मुकादम नऊ जोड्यांपैकी सहा जोड्यांच्या फळियातलाच आहे आणि दोघांचा जवळचा नातलग आहे. या बायका त्याच्याविरुद्ध कामगार खात्यात का जाणार नाहीत, याचं पूर्ण उत्तर त्या पानांत होतं.

मी मात्र वैयक्तिक चर्चेत तिला विचारलं होतं, ‘कामगार खात्यात तक्रार का नाही करत? पुढच्या नोंदीत तसं नियोजन लिही.’ ती म्हणाली, ‘मॅडम, तक्रार केली तर पुढच्या वर्षी त्यांना कोणी आणणार नाही. त्यांना ते नकोय.’ मला ते घाबरणं वाटलं. खरं तर ती त्याच सात तत्त्वांतला स्वयंनिर्णय पाळत होती.

मार्चच्या सुरुवातीला तिने सांगितलं, ‘होळीला साइट रिकामी असेल. सगळे आठवडाभर आधी निघतील.’ छोटा उदेपूर, कवांट, अलीराजपूर या पट्ट्यात होळीइतका मोठा सण दुसरा नाही. आधीच्या आठवड्यात भंगुरियाचे हाट, नंतर कवांटला घेरचा मेळा. मी म्हटलं, ‘मग त्या दिवसांत संस्थेच्या कार्यालयात बसून कागदपत्रांचं काम करा.’ जोडीदार मुलगी बसली. ही आली नाही. दोन बुधवार, दोन शुक्रवार, हजेरीपटावर चार लाल खुणा. आमच्या नियमाप्रमाणे तीनपेक्षा जास्त दिवस विनापरवानगी गैरहजर राहिलं की गुण कापायचे. ते कापले, आधीच्या शेऱ्यांचे गुण धरले, आणि बेरीज १८ झाली.

फील्डवर्कमध्ये नापास म्हणजे ते सत्र पुन्हा करायचं, आणि शिष्यवृत्ती बंद होण्याची भीती. ती निकाल बघून गेली. तक्रार केली नाही.

गटचर्चा

बोलली ती तिची जोडीदार. तिला ५० पैकी ३८ मिळाले होते. गटचर्चेत तिची पाळी आली तेव्हा तिने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, ‘मॅडम, माझ्या रेकॉर्डमधली निम्मी माहिती हिने मला सांगितलेली आहे. मला त्या बायकांचं बोलणं कळतच नाही. मी फक्त इंग्रजीत नीट लिहिलं.’ थोडं थांबून म्हणाली, ‘आणि होळीला ती कुठे गेली होती ते तुम्ही विचारलं नाही.’

वर्गात सगळे गप्प झाले. मी विचारलं, तेव्हा तिने पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. जानेवारीपासून प्रत्येक बुधवारी आणि शुक्रवारी तिने नऊ बायकांचे दिवस त्यांना विचारून लिहिले होते, प्रत्येकीचे वेगळे. होळीआधी ती त्यांच्याच गाडीने गावी गेली. हिशेब फळियातच, वडीलधाऱ्यांसमोर होतो. मुकादमाने आपली वही वाचली, मग तिने आपली वाचली. दोन दिवस वाद चालला. नऊपैकी पाच बायकांचे बुडवलेले अर्धे दिवस हिशेबात धरले गेले, चौघींचे नाही. पैसे मात्र सगळे पुरुषांच्याच हातात गेले. हे सांगताना तिचा आवाज खाली गेला. तिच्या दृष्टीने काम अर्धंच झालं होतं.

मी घरी येऊन जोडीदार मुलीची नोंद पुन्हा वाचली. सुंदर अक्षर, नेटके मथळे. ‘पुढचं नियोजन’ या मथळ्याखाली तिने लिहिलं होतं की साइटवरच्या सर्व मजुरांना १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा लागू करण्यासाठी प्रयत्न करावा. त्यावर मी बरोबरची खूण केली होती. हा कायदा राज्याची सीमा ओलांडून येणाऱ्यांसाठी होता. अलीराजपूरहून आलेले मजूर मध्य प्रदेशातले, त्यांना तो लागू होऊ शकत होता. छोटा उदेपूरचे मजूर गुजरातमधलेच, त्यांना तो लागूच नव्हता. एकाच साइटवर, एकाच पत्र्याखाली, कायद्याने दोन वेगळे गट. (२०१९ आणि २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या चार श्रमसंहितांत हे जुने कायदे एकत्र केले गेले, पण तेव्हा हा फरक महत्त्वाचा होता.) चुकीच्या वाक्यावर मी खूण केली, कारण ते नीट लिहिलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बैठक

मी विभागप्रमुखांकडे फेरमूल्यांकनाची मागणी केली. बैठकीत आम्ही चौघं होतो: विभागप्रमुख, एक ज्येष्ठ सहकारी, बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या पर्यवेक्षक ताई आणि मी.

पर्यवेक्षक ताईंचं म्हणणं प्रामाणिक होतं. ‘ती त्यांच्यातच बसते, त्यांच्या ताटात जेवते. बाहेरून कोणी आलं तर विद्यार्थिनी कोण आणि मजूर कोण हे कळत नाही.’ त्यांना हे न्यून वाटत होतं. दोन महिन्यांपूर्वी मलाही वाटलं असतं.

ज्येष्ठ सहकाऱ्यांचा मुद्दा जास्त गंभीर होता आणि तो मला टाळता येणार नव्हता. ते म्हणाले, ‘निकष सगळ्यांना एकच हवेत. आज हिच्यासाठी सैल केले तर उद्या हिच्या पदवीकडे लोक संशयाने बघतील, आणि ते हिच्यावरच अन्याय करणारं ठरेल.’ आरक्षणातून आलेल्या मुलांबद्दल असा संशय किती सहज घेतला जातो, हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून माहीत होतं. ते स्वतः दलित कुटुंबातून, पहिल्या पिढीत शिकून आलेले. मी त्यांना म्हटलं, ‘सर, निकष सैल करायचा नाहीये. आपण मोजत होतो इंग्रजी आणि साचा, आणि त्याला नाव देत होतो समाजकार्य.’

शेवटी त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनीच मार्ग सुचवला. दोन्ही मुलींच्या नोंदी त्यांची स्वतःची नावं काढून, एकाच भाषेत टाइप करून दुसऱ्या दोन शिक्षकांना द्यायच्या. प्रश्न एकच: हे वाचून पुढच्या सोमवारी या साइटवर तुम्ही काय कराल? एका शिक्षिकेने सरळ तिच्या नोंदी निवडल्या. दुसऱ्यांनी लिहिलं की हिच्या नोंदींत माणसं आहेत पण दिशा नाही, आणि दुसरीच्या नोंदींत दिशा आहे पण ती कोणासाठी हे कळत नाही. दोन्ही मतं मला पटली.

या दोन शिक्षकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मी आधी पाहिलीच नव्हती. तिने नोंदींत बायकांची खरी नावं लिहिली होती. एका बाईच्या घरातली खाजगी गोष्ट गटचर्चेतही सांगितली होती. ती बाई तिची लांबची मावशी होती. आपल्या माणसांची गोष्ट आपल्याला माहीत असणं आणि ती वर्गात सांगायचा अधिकार असणं, यात फरक आहे. हा खरा दोष होता आणि तो मी तिला वेळेवर दाखवला नव्हता, कारण माझं सगळं लक्ष तिच्या शब्दांवर होतं. चुकीच्या गोष्टींना लाल केल्यामुळे दाखवायला हवी होती ती चूक सुटली. तिच्यावर झालेल्या अन्यायाचा हा भाग मला सगळ्यात जास्त लागतो.

फेरमूल्यांकनात तिला ५० पैकी २९ मिळाले. दया म्हणून एकही गुण दिला नाही. नावं लिहिल्याचे आणि नियोजन नसल्याचे गुण गेले. जोडीदार मुलीचे ३८ तसेच राहिले. तिने स्वतः ते कमी करायची मागणी केली होती, ती आम्ही मानली नाही. सत्य बोलल्याबद्दल कोणाचे गुण जाऊ नयेत.

त्यानंतर

आमच्या संस्थेत समान संधी कक्ष होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समताविषयक नियमांनुसार तो असावाच लागतो, भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारीही असावा लागतो. पण मी तिच्याशी जे केलं ते त्या कक्षाच्या अर्जात कुठल्या रकान्यात बसलं असतं? मी तिला जातीवरून काही बोलले नव्हते, वर्गाबाहेर काढलं नव्हतं. मी फक्त तिचं काम वाचलं नव्हतं. समाजकार्याच्या शिक्षणाला आपल्याकडे वैद्यक किंवा वकिलीसारखी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे फील्डवर्कचं मूल्यमापन कसं करायचं हे ज्या त्या संस्थेच्या हातात राहतं. याचा तोटा आहेच, पण त्या वर्षी आम्हाला फायदाही झाला: वरून परवानगी न मागता साचा बदलता आला.

नोंद कोणत्याही भाषेत लिहिता येईल, एवढं पहिल्याच बैठकीत ठरलं. ते कागदावर सोपं आहे. वाचणार कोण, हा खरा प्रश्न. राठवी किंवा डांगी येणारा एकही शिक्षक आमच्याकडे नाही. मग ठरलं की लिहायला अडचण असेल तर विद्यार्थ्याने महिन्यातून एक नोंद बोलून द्यावी, मार्गदर्शकाने ती ऐकून प्रश्न विचारावेत आणि उत्तरांवर गुण द्यावेत. सुरुवातीला याचा सगळ्यात जास्त उपयोग एका अंध विद्यार्थ्याला झाला. त्याच्यासाठी आम्ही तोपर्यंत फक्त लेखनिक दिला होता आणि आपलं कर्तव्य झालं असं समजत होतो. साच्यातल्या ‘निरीक्षण’ या मथळ्याच्या आधी एक नवा मथळा आला: ‘मी कोण आहे आणि इथे मला कोण म्हणून पाहतात’. तो सगळ्यांनी भरायचा, शहरातल्या मुलांनीही. त्यांचीच पानं बहुतेक वेळा कोरी येतात. आपण कोणी आहोत असं त्यांना वाटतच नाही, जणू जात-वर्ग फक्त समोरच्याला असतो. त्यावर आता गटचर्चेत सगळ्यात जास्त वेळ जातो.

२०१४ मध्ये मेलबर्नला समाजकार्याची जी जागतिक व्याख्या स्वीकारली गेली, तिच्यात विविधतेचा आदर आहे आणि ‘मूलनिवासींचं ज्ञान’ हेही समाजकार्याच्या पायांपैकी एक मानलं आहे. ही व्याख्या मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहीत होते. ‘खर्ची’ शब्दाला गोल करणारा हातही तोच.

आणि तिचं? फेरमूल्यांकनानंतर मी उत्साहात तिला बोलावलं. म्हटलं, पुढच्या वर्षी ग्रामीण शिबिर छोटा उदेपूरला नेऊ, तू नेतृत्व कर, आदिवासी प्रश्नांवर प्रबंध लिही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘मॅडम, मला सरकारी दवाखान्यात टाका. मला आमच्याच लोकांचं काम येतं. दुसऱ्यांचं कसं करायचं ते शिकायला मी इथे आले.’

मला कान पकडून जागं केल्यासारखं झालं. आधी मी तिला तिच्या माणसांपासून लांब उभं राहायला सांगत होते, आता तिला त्यांच्यातच बांधून ठेवत होते. दोन्ही वेळा तिला काय हवं ते ठरवणारी मीच. शहरातल्या मुलींना मी कधी म्हटलं नाही की तुम्ही फक्त दांडिया बाजारातच फील्डवर्क करा.

तिसऱ्या सत्रात ती दवाखान्यात गेली. पहिले सहा आठवडे तिला जड गेले. शहरातले नातेवाईक तिच्याशी नीट बोलत नसत, एका कुटुंबाने ‘दुसरी ताई पाठवा’ म्हटलं. यावेळी तिने ते नोंदीत लिहिलं, नव्या मथळ्याखाली, आणि सोमवारी येऊन बोलली. त्या कुटुंबाकडे परत जायचं की नाही हे तिने स्वतः ठरवलं, आणि ती गेली. नोंदींत आता कोणाचं खरं नाव नसतं. नियोजन मात्र अजून घाईत लिहिते, आणि मी तसं स्पष्ट सांगते.

आता फील्डवर्कचं वेळापत्रक करताना होळीच्या आठवड्यात मजुरांच्या साइटवर जाणाऱ्या मुलांचे दिवस गावी धरले जातात. ईदच्या आणि इतर सणांच्या दिवसांबद्दलही मुलांना आधी विचारतो. त्या एका वर्षाच्या हजेरीपटात तिचे ते चार दिवस मात्र लालच आहेत. आधीच्या सत्राची हजेरी मागे जाऊन बदलायची सोय नियमांत नव्हती.